निखाऱ्याची राखण

अग्नीला संस्कृतात 'वायुसखा' असे एक नाव आहे. वायू ज्याचा सखा, तो. ज्याने हे नाव ठेविले त्याने चुलीपुढे पुष्कळ काळ घालविला असला पाहिजे. कोळसा हे अग्नीचे अन्न खरे. परंतु ते त्याने किती झपाट्याने खावे, हे ठरविते ती हवा. आपल्या माताभगिनींना हे शिकवावयास नको. शेगडीच्या तोंडाशी विंझणा हलविला की निखारा फुलतो, तोंड पत्र्याने झाकले की तो मंदावतो. लोहाराचा भाता हेच करतो, आणि भात्याच्या जागी आलेला विजेचा पंखाही हेच करतो.

वडोदऱ्याहून जंबुसरकडे जाणाऱ्या रस्त्यावर पादरा हे तालुक्याचे गाव आहे. १९४९ पर्यंत तो मुलूख गायकवाडांच्या बडोदे संस्थानात होता. तेव्हा तिकडे मराठी बोलणारी घरे आढळली तर नवल नाही. अशाच एका घरी गेलो असता अंगणात झाकणाची एक गोल शेगडी पाहिली. असल्या शेगडीचा जन्म १९५२ साली अमेरिकेत शिकागोजवळ झाला. समुद्रात खुणेसाठी सोडतात ते लोखंडी तरंगते गोळे जेथे बनत, त्या वेबर ब्रदर्स कारखान्यातील जॉर्ज स्टीफन यांनी तसल्या अर्धगोलापासून ती तयार केली. तिला खाली एक झडप व झाकणावर एक झडप असते. हवा खालून शिरते व धूर वरून जातो.

त्या घरच्या नातवाने खालच्या झडपेला नळीने एक छोटा पंखा जोडला होता. जाळीपाशी तापमान मोजणारी सळई होती आणि तिची तार एका डबीत गेली होती. डबीवर ११० अंश असा आकडा लावावयाचा. उष्णता त्याहून कमी झाली की पंखा फिरतो, तेथवर पोहोचली की थांबतो. ही युक्ती आजची नव्हे. सतराव्या शतकाच्या आरंभी कॉर्नेलिस ड्रेबेल या डच कारागिराने अशी भट्टी केली होती की, तापल्यावर फुगणारा द्रव पारा वर ढकली आणि भट्टीची वाट आपोआप झाकली जाई.

नातवाने हा खटाटोप आजीसाठी केला होता. सणाचे मांस मंद आचेवर भाजावयाचे म्हणजे आजीने रात्रभर कोळशांपाशी बसावयाचे, ही त्या घरची रीत. धुराने तिचे डोळे अधू झाले होते. ती मला म्हणाली, "फादर, या डबीला निखाऱ्याची राखण येते, हे मी मानते. पण पंखा विस्तव वाढवील. वाढलेला विस्तव तो कमी कसा करणार?"

आजीने नेमके मर्म गाठले होते. पंख्याला हवा घालता येते, काढून घेता येत नाही. म्हणून आरंभी सर्व कोळसे पेटवू नयेत. न पेटलेल्या कोळशांवर थोडेच निखारे ठेवावेत. वरची झडप किंचितच उघडी असावी आणि फटी बंद असाव्यात, नाही तर पंखा थांबला तरी वारा आपले काम करीतच राहतो. झाकण उघडण्यापूर्वी पंखा बंद करावा. एरवी सळईला गार वारा लागतो, यंत्र समजते की विस्तव विझला, आणि ते जोराने फुंकू लागते.

तेवढ्यात आभाळ भरून आले. नातू म्हणाला, "फादर, शेगडी पडवीत घेऊन दार लावू या." मी त्याला हात धरून थांबविले. हे यंत्र चालते तेच मुळी कोळशाला हवा तोटकी देऊन. आणि तोटक्या हवेत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू अधिक निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. प्राणवायूपेक्षा तो रक्ताला दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके जड होते, झोप येते, आणि झोपलेला पुष्कळदा उठत नाही. डबीवर उष्णतेचा आकडा दिसतो. या विषाचा दिसत नाही. मग आम्ही अंगणातच, भिंतीपासून दूर, वर उंच पत्र्याचा आडोसा केला आणि शेगडी चहूबाजूंनी मोकळी ठेविली.

आजी त्या रात्री झोपली. दोनदा मात्र उठली, सळईचा आकडा न पाहताच वासावरून काहीतरी ओळखले आणि परत जाऊन पडली. यंत्राने तिचे जागरण घेतले, तिचे ज्ञान घेतले नाही. असे असेल तर यंत्राचे स्वागतच करावे.

वाचकहो, आपल्या घरी असा पंखा नसेलही, परंतु शेगडी असेल. थंडीच्या दिवसांत म्हाताऱ्यांच्या व लेकरांच्या उबेसाठी ती खोलीत नेऊन दार लोटण्याचा मोह होतो. तसे कदापि करू नका. ऊब हवी तर पांघरूण वाढवा. पेटता कोळसा उघड्यावरच असू द्या, आणि निजण्यापूर्वी तो पुरता विझला की नाही, हे घरातील एका जाणत्या माणसाने स्वतः पाहावे.