ज्यानं पाडलं, त्यानंच सांभाळावं

गुरुवर्य जिगोरो कानो यांस,



आमच्या ज्युदोच्या वर्गात नवीन पोरं आली की आधी त्यांना पडायला शिकवतो. हनुवटी छातीला टेकवायची, नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर ठेवायची, पाठ गोल करायची आणि अंग मॅटला लागताक्षणी अख्खा हात तळव्यासकट सपकन आपटायचा. मार हातानं खायचा, डोक्यानं नाही. पोरं कंटाळतात, ‘सर, डाव कधी शिकवणार?’ म्हणून मागे लागतात. पण पडणं अंगात मुरल्याशिवाय मी कुणाला कुणाच्या समोर उभं करत नाही. ही शिस्त आपली आहे आणि ती मागे पडत चालल्याची काळजी वाटते, म्हणून हे पत्र.

आपला जन्म 1860 सालचा, कोबेजवळच्या मिकागे गावातला, साके बनवणाऱ्या घराण्यातला. आई लहानपणीच गेली आणि वडिलांबरोबर आपण टोकियोला आलात. बुद्धी तल्लख, पण अंगानं किरकोळ, त्यामुळे वसतिगृहातल्या दांडगट मुलांनी आपल्याला छळलं. जुजुत्सू शिकायचं मनात आलं तेव्हा वडिलांनीही नको म्हटलं. तो काळच तसा होता. मेइजी राजवट आल्यावर सामुराईंची सद्दी संपली आणि त्यांची विद्या अडगळीत गेली. जुजुत्सूचे जाणकार बरेचदा हाडवैद्यकी करत, म्हणून शिकवणारा सापडेल या आशेनं आपण हाडवैद्यांकडे चौकशी करत फिरलात आणि शेवटी 1877 मध्ये हाचिनोसुके फुकुदांच्या तालमीत पोहोचलात.

तिथला एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. एक डाव कसा लागतो, हात कुठे, पाय कुठे, असं आपण विचारलंत. वस्तादांनी ‘ये’ म्हणून आपल्याला पाडलं. पुन्हा विचारलंत, पुन्हा पाडलं. ती जुनी रीत होती, शंभरदा पडलं की आपोआप कळतं अशी. आपण ती मान खाली घालून सोसलीत, पण ‘कसं?’ हा प्रश्न सोडला नाहीत. तालमीतला एक आडदांड जोडीदार काही केल्या हटेना, तेव्हा आपण ग्रंथालयात पाश्चात्त्य कुस्तीची पुस्तकं धुंडाळलीत आणि गड्याला खांद्यांवर आडवा उचलून टाकायचा डाव घडवलात. तोच आजचा काता-गुरुमा.

या प्रश्नातूनच ज्युदो उभा राहिला. समोरच्यानं ढकललं की माणूस उलट ढकलतो, ओढलं की उलट ओढतो. आपण म्हणालात, तो ढकलतो तेव्हा ओढा, त्याचा जोर त्याच्याच तोलाविरुद्ध जाऊ द्या. आधी तोल मोडायचा, मग आपलं अंग जागेवर न्यायचं आणि मगच डाव मारायचा. कुझुशी, त्सुकुरी, काके. आज जगातल्या कुठल्याही मॅटवर हे तीन शब्द ऐकू येतात आणि किरकोळ पोरगं थोराड गड्याला उचलतं ते त्यांच्याच बळावर.

1882 साली एइशोजी मंदिरातल्या बारा तातामी चटयांच्या जागेत आपण कोदोकान ही आपली ज्युदोशाळा सुरू केलीत. वयाची बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. तिथे आपण केलेली निवड मला सगळ्यात मोठी वाटते. हाडं मोडणारे, जीवघेणे डाव आपण खुल्या सरावातून बाजूला काढलेत आणि ठरावीक क्रमानं करायच्या ‘काता’मध्ये जपून ठेवलेत. उरलेले डाव पूर्ण ताकदीनं, रोज आणि खऱ्याखुऱ्या विरोधावर मारता येऊ लागले. जोडीदार उद्याही सरावाला येणार, हे गृहीत धरून बांधलेली ही विद्या आहे. युरोपहून परतताना बोटीवर एका धिप्पाड परदेशी माणसाला आपण पाडलंत, तेव्हाही तो डोक्यावर आदळू नये म्हणून आपणच त्याला सावरलंत.

1922 मध्ये आपण हेच दोन सूत्रांत मांडलंत: सेइर्योकु झेन्यो, म्हणजे बळाचा उत्तम वापर, आणि जिता क्योएइ, म्हणजे आपल्याबरोबर दुसऱ्याचंही भलं. हा शिक्षकाचा विचार आहे, आणि टोकियोच्या उच्च शिक्षक प्रशिक्षण विद्यालयाचे आपण कित्येक वर्षं प्राचार्य होतात. स्त्रियांनाही आपण एकोणिसाव्या शतकातच शिकवू लागलात आणि 1926 मध्ये कोदोकानात त्यांचा स्वतंत्र विभाग उघडलात. ज्या फुकुदांनी आपल्याला ‘ये’ म्हणून पाडलं, त्यांच्याच नातीला, केइको फुकुदांना, आपण शिकायला बोलावलंत. त्या पुढे सॅन फ्रान्सिस्कोत शिकवत राहिल्या, 2011 मध्ये त्यांना अमेरिकेत ज्युदोतला ‘दहावा दान’ हा दर्जा मिळाला आणि 2013 मध्ये, नव्व्याण्णव वर्षांच्या होऊन, त्या गेल्या. आपल्या शिष्यांपैकी ताकागाकी 1929 मध्ये रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून शांतिनिकेतनात आले. भारतातही ही विद्या खेळाआधी शिक्षण म्हणूनच पोहोचली होती.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे आपण आशियातले पहिले सदस्य, 1909 पासूनचे. 1938 मध्ये कैरोच्या बैठकीहून परतताना ‘हिकावा मारू’ बोटीवर आपलं निधन झालं. ज्युदो ऑलिंपिकमध्ये आला तो 1964 साली, टोकियोत. खुल्या गटाच्या अंतिम लढतीत हॉलंडच्या अँटोन गीसिंकनं जपानच्या कामिनागाला हरवलं आणि त्याचे समर्थक आनंदानं मॅटकडे धावले. गीसिंकनं हात उंचावून त्यांना तिथंच थांबवलं. त्या क्षणी जपानचं सुवर्ण गेलं, पण आपली शिकवण जिंकली, असं मी पोरांना सांगतो.

आता जे सांगायला पत्र लिहायला घेतलं, ते सांगतो. आपल्याच देशात 1983 पासूनच्या सुमारे तीस वर्षांत शाळांमधल्या ज्युदोत शंभराहून अधिक मुलांचा जीव गेला. अनेकांच्या डोक्याला मार होता. नुकती मॅटवर आलेली, नीट पडताही न येणारी मुलं त्यांत बरीच होती. पालकांनी आणि अभ्यासकांनी हे चव्हाट्यावर आणलं, तेव्हा कुठे सुरक्षेकडे लक्ष गेलं. 2022 मध्ये जपानच्या ज्युदो महासंघानं प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धा बंद केली. लहानग्यांना वजन घटवायला लावणारे शिक्षक आणि पंचांवर ओरडणारे पालक पाहून, काहीही करून जिंकण्याची ही वृत्ती आपल्या विचारात बसत नाही, असं महासंघाला जाहीरपणे म्हणावं लागलं. त्या निर्णयाला मी मनापासून दाद देतो. आमच्या इथेही पदकाची घाई आहे, आठ-दहा वर्षांच्या पोराकडून निकाल मागणारी माणसं आहेत. ती घाई जपानला कुठे घेऊन गेली, ते आम्ही डोळ्यांसमोर ठेवायला हवं.

म्हणून आपल्याला आणि हे पत्र वाचणाऱ्या प्रत्येक ज्युदो शिक्षकाला साक्षी ठेवून शब्द देतो. पडता येत नाही तोवर मूल जोडीत उभं राहणार नाही. डोक्याला लागलं तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ते मॅटवर परतणार नाही. पदकासाठी कुणाच्या लेकराचं जेवण तोडलं जाणार नाही. पदकं कमी आली तरी चालतील, पण घरून आलेलं पोर धडधाकट घरी गेलं पाहिजे.

आपला,
एक ज्युदो शिक्षक