शब्द सांगितला, अर्थ राहिला

गतवर्षी पावसाळ्यातील एका रविवारी मिस्साबलिदानाच्या शेवटी मी नेहमीप्रमाणे सूचना वाचल्या. शेवटची सूचना होती, ‘बँकेचा ओटीपी कोणासही सांगू नये.’ मंडळींनी माना डोलावल्या. कर्तव्य पार पाडल्याच्या समाधानात मी वेदीवरून उतरलो.

पंधरवड्यानंतर धर्मग्रामातील एक वृद्ध विधवा माझ्या दारी आली. नातीच्या फीसाठी साठवलेले अकरा हजार रुपये तिच्या खात्यातून गेले होते. लाजेपोटी चार दिवस तिने कोणाला सांगितलेही नव्हते.

“मावशी, मी चर्चमध्ये सांगितले होते ना?” माझ्या तोंडून निघून गेले.

“फादर, ओटीपी त्यानं मागितलाच न्हाई. आलेला नंबर सांगा म्हणाला, म्हणून सांगितला.”

मी निरुत्तर झालो. आमच्या कोल्हापुरात चष्म्याला नंबर असतो, रेशनच्या रांगेत नंबर लागतो, वर्गात पोराचा पहिला नंबर येतो. त्या माउलीने सांगितला तोही तिच्या लेखी एक नंबरच! ओटीपी म्हणजे एकाच व्यवहारापुरता, काही मिनिटेच चालणारा परवलीचा शब्द. पण हा ‘शब्द’ बहुधा नुसत्या आकड्यांचा असतो, हे तिला कोणी समजावले होते? पिनचीही तीच कथा. साडीला पिन, स्टोव्हला पिन, १९७२ पासून पत्त्यावर पिन कोड आणि २०१६ मध्ये यूपीआय आल्यापासून पैसे देण्याचाही पिन. तो पैसे देतानाच टाकायचा असतो, घेताना कधीही नाही. एवढे एक वाक्य ठाऊक नसल्याने कित्येक घरे फसली.

उच्चाराचा गोंधळ वेगळाच. कोणी ‘ॲप’ म्हणतो, कोणी ‘आप’, कोणी ‘एप’. शासनाने २००९ साली वर्णमालेत ॲ आणि ऑ यांना स्थान दिले. परंतु अक्षर मिळाले म्हणून अर्थ मिळतोच असे नाही. भ्रमणध्वनी म्हटल्यानेही तो उलगडत नाही.

अशा वेळी फादर थॉमस स्टीफन्स आठवतात. १५७९ साली गोव्यात आलेला हा इंग्रज येशूसंघीय आपली भाषा शिकला आणि त्याने ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचले. १६१६ साली ते रोमन लिपीत छापले गेले. लिपी परकी होती, पण बोल इथले होते. आज मोबाईलच्या पडद्यावर लिपी आपली असते आणि बोल परके. मग मी वेदीपाशी उभा राहून वेगळे काय केले होते?

आम्ही दोघांनी मिळून १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. परंतु वेळ निघून गेली होती. पैसे परत आले नाहीत. पुढच्या रविवारी मी सूचना बदलली: “फोनवर आलेले आकडे कोणालाही वाचून दाखवू नका, मागणारा त्याला नंबर म्हणो, कोड म्हणो वा ओटीपी. फसलात तर लाजू नका, त्याच घटकेला १९३० लावा.”

मावशी पुढच्याच बाकावर होत्या. त्यांनी मान डोलावली. पण त्या होकारावर विसंबण्याचे धैर्य आता माझ्यात उरले नव्हते. मिस्सानंतर मी त्यांच्यापाशी जाऊन विचारले, “मावशी, मी काय सांगितले ते तुमच्या शब्दांत सांगा बघू.”