नकाराची वेळ

गेल्या दिवाळीत आमची धाकटी बंगळूरहून आली, ती कॉम्प्युटरचे काम बरोबर घेऊनच. लक्ष्मीपूजनाच्या रात्रीही ती पडद्यासमोर. "कुणीतरी डबे परत करत नाहीये, बाबा," ती म्हणाली. मला वाटले, फराळाचेच!

मग तिने समजावून सांगितले. नेटवर्कवरचा मजकूर लहान लहान पाकिटांतून येतो. पाकीट दारात आले की ठेवायला जागा तत्क्षणी हवी. म्हणून मेमरीत सारख्या मापाचे रिकामे डबे आधीच मांडून ठेवतात. १९८३ सालच्या बर्कले युनिक्समध्ये असा डबा १२८ बाइटांचा होता. मजकूर लांबला की डब्याला डबा जोडायचा. काम झाले की डबा परत. कुणी परत करायला विसरले, तर डबे एकेक करून कमी होतात आणि एक दिवस सगळेच ठप्प. ती त्या विसराळूच्या शोधात होती.

"मग डबेच वाढवा की!" मी मास्तरी तोडगा सुचवला.

ती हसली. मेमरी स्वस्त झाली तेव्हा लोकांनी नेमके तेच केले होते म्हणे. पाकीट गळाले की पाठवणारा ओळखतो, वाट तुंबली आहे, आणि वेग कमी करतो. पण रांग भली मोठी असली की पाकीट गळत नाही, नुसते खोळंबते. पाठवणारा बिचारा पाठवीतच राहतो. अमेरिकेत जिम गेटिस यांना २०१० साली स्वतःच्या घरीच हा अनुभव आला आणि त्यांनी या दुखण्याला 'बफरब्लोट' असे नाव दिले. २०१२ साली कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी उपाय सुचवला : रांग किती लांब हे पाहू नका, पाकीट किती वेळ ताटकळले ते पाहा, ताटकळणे सरेनासे झाले, की वेळीच एखादे टाकून द्या.

त्या रात्री मला झोप लागली नाही.

वीसेक वर्षांपूर्वी वसतिगृहाच्या प्रवेशाचे काम माझ्याकडे होते. खाटा चाळीस, अर्ज कितीतरी जास्त. 'नाही' म्हणणे जिवावर येई, म्हणून मी अर्ज खणात ठेवी आणि म्हणे, "पाहू, जागा झाली की कळवतो." एक शेतकरी आठवीतल्या मुलासाठी चार वेळा एस.टी.ने आला. चारही वेळा मी 'पाहू' म्हणालो. जुलै सरता सरता नकार दिला, तेव्हा दुसरीकडचे प्रवेश बंद झाले होते. मुलगा वर्षभर घरी बसला आणि पुढच्या जूनपासून गवंड्याच्या हाताखाली जाऊ लागला.

त्या खणाला मी माझा चांगुलपणा समजत होतो. आता अर्ज आला की आठ दिवसांत उत्तर देतो, आणि 'नाही' असेल तर दुसऱ्या दोन शाळांचे पत्तेही त्याच कागदावर लिहून देतो.