धंदा थंड आहे, आणि माणूस?

परवा पुतणीचा इंग्रजीचा अभ्यास घेत होतो. दहावीला आहे. पुस्तकात शब्दांच्या जोड्या होत्या: 'डीप सॅडनेस', 'डीप रिसेशन', 'फॉल इन्टू डिप्रेशन', 'स्लिप इन्टू रिसेशन'. ती म्हणाली, "काका, माणसाला आणि मार्केटला सेम शब्द कसे काय?"

खरंच की. इंग्रजीत माणूसही डिप्रेशनमध्ये जातो आणि देशही. 1929 पासूनच्या 'ग्रेट डिप्रेशन'ला आपण महामंदी म्हणतो. पण मराठीत आपण दोन वेगळी खाती केलीत. बाजाराला मंदी, माणसाला नैराश्य. मंदीवर चहाच्या टपरीवर तासभर बोलता येतं. नैराश्याचं नाव कुणी काढत नाही.

हिच्या वडिलांचं, म्हणजे दादाचं, तेच झालं. वसई पूर्वेला त्याचा छोटा गाळा. दोन लेथ मशीन, जॉबवर्क. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये काम थांबलं, नंतर सुरू झालं ते निम्म्यावर. माणिकपूर नाक्यावर कुणी विचारलं की दादाचं ठरलेलं उत्तर, "धंदा थंड आहे रे." आम्ही मान हलवायचो. तेव्हा सगळ्यांचाच थंड होता ना!

पण रात्री तीनला गॅलरीत बसणं, ताटावरून उठून जाणं, फोन उचलायचा बंद होणं, हे धंद्याचं नव्हतं. वहिनी एकदा रडत बोलली तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. डॉक्टरकडे नेलं, पण आठ महिने उशिरा.

इंग्रजीत 'रिकव्हरी' हा शब्दही दोघांना चालतो. मे 2020 मध्ये 20 लाख कोटींचं पॅकेज जाहीर झालं, लघुउद्योगांसाठी विनातारण कर्ज आलं. बाजार सावरायला वेळ लागणार, हे सगळ्यांनी मान्य केलं. दादाला मात्र आम्ही काय दिलं? "पॉझिटिव्ह राहा." वर रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर एक सुविचार.

आज गाळा चालू आहे. दादाही बरा आहे, गोळ्या हळूहळू कमी होतायत.

म्हणून एक विनंती. नाक्यावर कुणी "धंदा थंड आहे" म्हणाला, तर तिथेच थांबू नका. "आणि तू कसा आहेस?" एवढं विचारा. 14416 हा सरकारचा टेलि-मानसचा नंबर आहे. मोफत, 24 तास, मराठीतही बोलता येतं. सेव्ह करून ठेवा.

हे दादाला वाचून दाखवूनच टाकतोय. म्हणाला, "टाक. कुणाच्या तरी कामी येईल."