दुधी सोडायला काशीला

लहानपणी मी काय काय खायचे ते एका दमात सांगून होतं. मऊ भात, त्यावर साधं वरण आणि तूप, तव्यावरून थेट ताटात आलेली पोळी, कडक परतलेल्या बटाट्याच्या काचऱ्या, भाजलेला पापड, भडंग, ग्लुकोजची बिस्किटं, लिंबाचं लोणचं आणि खर्डा. एवढ्यावर मी सांगलीत वाढले. दूध, दही, फळं, रस्साभाजी, पालेभाजी, उसळ यांतलं काही माझ्या तोंडात जात नव्हतं. बळेच घातलं तर तिथल्या तिथे बाहेर यायचं. मला ऑटिझम आहे हे कळलं ते वयाच्या ३६व्या वर्षी. तोवर मी नखरेल होते, हट्टी होते आणि सगळ्यांच्या मते आईने लाडावून ठेवलेली होते. आईला हे शेवटचं फार लागायचं, कारण तिने लाड सोडून बाकी सगळं करून पाहिलं होतं.

पोह्यांचं सांगते, म्हणजे बाकीचं समजेल. कांदेपोहे मुलांना आवडतातच असं सगळे धरून चालतात. माझ्यासमोर बशी आली की मला पोहे दिसायचेच नाहीत. दिसायची मोहरी, जी दाताखाली आली की कडू चटका देऊन फुटते. दिसायचा कांदा, कुठे कच्चट करकरीत, कुठे शिजून बुळबुळीत, आणि वरून बघून कोणता कसा ते कळायचं नाही. मध्येच टणक शेंगदाणा. कढीपत्ता, जो चावून चावून संपत नाही. वर ओलं खोबरं आणि कोथिंबीर. एका घासात इतकं सगळं, आणि पुढचा घास आधीच्यासारखा असेल याची काही खात्री नाही. मी एकेक वेगळं काढत बसायचे, तोवर पोहे गार होऊन त्यांचा गोळा व्हायचा आणि ते आणखी निराळंच खाणं होऊन बसायचं. चवीचा प्रश्न त्यात थोडाच होता. पुढच्या क्षणी जिभेला, दाताला, टाळूला काय लागणार हे माहीत नसणं, हा खरा जाच. बिस्किटाचं तसं नसतं. पुडा कुठल्याही दुकानातून आणा, पहिलं बिस्किट आणि शेवटचं बिस्किट सारखं. भाजी मात्र रोज वेगळी: आज भेंडी कोवळी, उद्या जून, एकाच भोपळ्याची एक फोड गोड, दुसरी पाणचट.

घरी पोळी खाणारी मुलगी शाळेतून तीच पोळी परत का आणते, हे आईला कोडं होतं. स्टीलच्या डब्यात गरम पोळी घातली की झाकणाला आतून वाफ धरते आणि तिचे थेंब वरच्या पोळीवर पडतात. मधल्या सुट्टीपर्यंत पोळीवर ओले डाग पडलेले असायचे. तेवढी जागा बोटाला गार आणि चिकट लागायची. भाजीचं तेल कडेने शिरलेलं असायचं ते वेगळंच. मी कोरडा भाग फाडून खायचे आणि बाकीचं मिटून ठेवायचे. एका बाईंनी डबा संपल्याशिवाय जागचं उठायचं नाही असा नियम केला. मग मुलं पटांगणावर आणि मी वर्गात, समोर डबा. बाई वाईट नव्हत्या. ताटात टाकायचं नाही हे त्यांच्यावरही कोणीतरी असंच बसवून बिंबवलेलं असणार.

हाताने जेवणं हाही एक त्रास होता. वरणभात कालवला की बोटांच्या बेचक्यांत शितं अडकायची आणि ती निघेपर्यंत मला दुसरं काही सुचायचं नाही. दर दोन घासांनी उठून हात धुणारं पोर बघून शेवटी बाबांनी चमचा हातात दिला. पाहुणे विचारायचे, ‘वरणभात चमच्याने? विलायतेला जायचंय वाटतं!’ आणि शेजारी बसून आमटीचे भुरके मारायचे. त्या आवाजाने माझ्या पोटातलं होतं नव्हतं ते वर यायचं, पण हे सांगणार कसं? भुरका मारणं हा आमच्याकडे सुगरणीचा गौरव.

आपलं वाढलेलं पान मात्र मला मनापासून आवडायचं. मीठ वर मधोमध, शेजारी लिंबाची फोड, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आमटीची वाटी, मध्ये भाताची मूद. प्रत्येकाची जागा ठरलेली. वाढण्यातली चूक माझ्या आजीला खपत नसे आणि मलाही. त्या बाबतीत आमचं दोघींचं मेतकूट जमायचं. अडचण एवढीच, की भाजीचं पाणी आपली जागा सोडून भाताकडे यायचं आणि मग तो सगळा भात माझ्यासाठी गेला. आजीने तोड काढली. माझी भाजी वाटीत, आणि वाटी ताटाच्या बाहेर. म्हणायची, ‘खा म्हणत नाही मी. नुसती असू दे तिथं.’

हीच आजी कांदेनवमीला कांद्याची भजी खाऊन घ्यायची आणि मग चातुर्मासभर कांदा, लसूण, वांगं बंद. वांगं तर पार चंपाषष्ठीच्या भरतापर्यंत नाही. तिच्यासाठी वेगळी आमटी व्हायची, वेगळी भाजी व्हायची, आणि कोणी तिला नखरेल म्हणत नसे. काशीला गेलं की आवडीचा एक पदार्थ कायमचा सोडायचा अशी रीत आहे. आमची एक आत्या काशीला कारलं सोडून आली. मुळात ती कारलं खायचीच कधी, असं आई दबक्या आवाजात म्हणायची. पण त्यानंतर आत्याच्या पानात कारलं वाढण्याची कोणाची हिंमत झाली नाही. मी मनाशी पक्कं केलं, की मोठी झाले की आधी काशी गाठायची आणि दुधी, लाल भोपळा, शेपू, दही सगळं एकदम सोडून यायचं. देवाच्या नावाने सोडलं तर व्रत आणि अंगाला सोसत नाही म्हणून सोडलं तर नखरे, हा हिशेब मला आजही पटलेला नाही.

लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ व्हायचा तो मी खर्डा खायचे म्हणून. हिरव्या मिरच्या, लसूण, जाडं मीठ, तव्यावर रगडलेलं. मोठी माणसं हाशहुश करायची आणि मी बोटाने पुसून खायचे. ‘एवढं तिखट चालतं आणि दुधी चालत नाही?’ प्रश्न रास्त होता. खर्डा काय करणार हे मला आधीपासून ठाऊक असायचं. तो ठामपणे तेच करायचा. दुधी तोंडात जाऊन नुसता विरघळत राहतो, आहे की नाही ते कळत नाही. पुढे वाचताना कळलं, की बालरोगतज्ज्ञ हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी १९४४ साली व्हिएन्नात आपल्याकडच्या ऑटिस्टिक मुलांबद्दल जवळजवळ हेच लिहून ठेवलं होतं: आंबट आणि झणझणीत पदार्थांची ओढ, भाज्यांचा आणि दुधादह्याचा तिटकारा. त्या मुलांचा खर्डा म्हणजे खारवलेल्या काकड्या.

लग्नाची पंगत मला नकोशी व्हायची. आपल्याकडे ‘नको’ला काही किंमतच नाही. नको म्हणणं हा जणू आग्रहाचा पहिला भाग. पानावर हात आडवा धरला तर वाढपी हातावरच जिलबी ठेवणार आणि सगळे हसणार. त्या जिलबीचा पाक मठ्ठ्याला मिळाला, मठ्ठा मसालेभाताला मिळाला, की मी पानाकडे बघूही शकत नसे. हल्लीच्या उभ्याने जेवण्याला जुनी माणसं नावं ठेवतात. मी ठेवत नाही.

‘भूक लागली की झक मारत खाईल’ हे वाक्य मी शेकडो तोंडांतून ऐकलं. आईने तेही करून पाहिलं. मी सकाळपासून काही खाल्लं नाही आणि संध्याकाळी घरात आदळआपट केली, पण जेवायला मागितलं नाही. भूक पोटात कळते असं लोक म्हणतात. मला ती कळते ती डोकं दुखायला लागलं की, किंवा उगाच रडू यायला लागलं की. अजूनही तसंच आहे. दुपारी एकला फोनचा गजर वाजतो म्हणून मी जेवते. शरीराच्या आतल्या खुणा उशिरा किंवा पुसट कळणं ऑटिझममध्ये पुष्कळांना असतं. अशा मुलाला उपाशी ठेवून काही शिकवता येत नाही, ते फक्त उपाशी राहतं.

याचा अर्थ आईची काळजी खोटी होती असा नाही, आणि हे मला ठासून सांगायचंय, कारण ‘ते जे खातं ते खाऊ द्या’ एवढ्यावर थांबणारेही आता भेटतात. कॉलेजात असताना मला जिना चढवेना. हिमोग्लोबिन आठच्या खाली गेलेलं होतं. पुढे बी-१२ही तळाला निघालं. पाय दुखतो म्हणून चालायचं थांबलेल्या ऑटिस्टिक मुलांना तपासणीत स्कर्व्ही निघाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत, त्याही अलीकडच्या. जहाजावरच्या खलाशांचा तो आजार आपण इतिहासात वाचलेला. तेव्हा रक्त तपासा, गोळ्या द्या, थेंब द्या. फक्त तो उपाय ताटावरच्या भांडणात मिसळू नका.

माझ्या निदानाच्या वेळी पुण्यातल्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आईला माझं लहानपण विचारलं. बोलणं सुरू व्हायला उशीर झाला होता का, खेळ कसे होते, वगैरे. आई थोडक्यात उत्तरं देत होती. खाण्यापिण्याचं विचारल्यावर मात्र तिने जी सुरुवात केली ती थांबेचना. त्या बाईंनी तिला सांगितलं, की बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ज्या अकरा मुलांवरून ऑटिझमचं वर्णन केलं, त्यांतल्या सहा मुलांच्या खाण्याची जन्मापासून रड होती. पहिला मुलगा डोनाल्ड. मिसिसिपीतल्या त्याच्या वडिलांनी डॉक्टरांना लांबलचक पत्र लिहिलं होतं, त्यातही तक्रार आहेच, की याला भूक अशी लागतच नाही आणि इतर मुलं आइस्क्रीम खात असली तरी याला मोह होत नाही. त्या दिवशी घरी येताना आई रिक्षात म्हणाली, ‘म्हणजे माझ्या हाताला चव नव्हती असं नाही ना?’ मला ती तसं समजत होती हेच माहीत नव्हतं.

माझ्या आधी निदान झालं ते दादाच्या मुलाचं, माझ्या भाच्याचं. मी तपासून घेतलं ते त्याच्यामुळेच. त्याची यादी माझ्याहून आखूड, आणि तिच्यात मुख्य म्हणजे एकाच कंपनीचे नूडल्स. २०१५ च्या जूनमध्ये त्या नूडल्सची देशभर विक्री थांबली. लोकांना ती बातमी होती. वहिनीला तो रोजच्या जेवणाचा प्रश्न होता. दुसऱ्या कंपनीचे करून नेहमीच्याच कंपनीच्या जुन्या पाकिटातून काढल्याचं नाटक केलं, तर त्याने वास घेऊन बशी हळूच लांब सरकवली. नोव्हेंबरात ते परत दुकानात आले तोवर पोराने भात आणि कडक डोसा यांच्यावर काढलं. मधल्या काळात आईने, आता आजीच्या भूमिकेत, प्रेमापोटी एक उद्योग केला: त्याच्या वरणात मसूर वाटून घातला, पोटात लोह जावं म्हणून. त्याला एका घासात कळलं आणि वरण यादीतून गेलं. पुढे कित्येक महिने त्याने पिवळं काही खाल्लं नाही. गुपचूप मिसळून घालण्याचा सल्ला देणाऱ्यांना हे माहीत नसतं, की नवा पदार्थ तर जात नाहीच, वर जुना भरवशाचा पदार्थही हातचा जातो.

मग कोणीतरी गहू आणि दूध बंद करायला सांगितलं. त्याने ऑटिझम कमी होतो म्हणे. त्याला ठोस पुरावा नाही. आणि मोजकंच खाणाऱ्या मुलाच्या पानातून पोळी काढायची म्हणजे राहतं काय? वहिनीने ते ऐकलं नाही हे बरं केलं. त्याला खरा उपयोग झाला तो ऑक्युपेशनल थेरपिस्टचा. त्यांनी सांगितलं, नवीन पदार्थ टेबलावर ठेवा, त्याच्या ताटात नको. तो बघेल, हात लावेल, वास घेईल, तेवढं पुरे. आणि बदल करायचा तर एका वेळी एकच: डोसा तोच, जरा जाड; मग तोच, घावनासारखा. माझ्या आजीची ताटाबाहेरची वाटी मला आठवली, पण तिने ऑक्युपेशनल थेरपी हे शब्द ऐकलेही नव्हते. भाच्याच्या कागदपत्रांत एआरएफआयडी असं लिहिलेलं आहे. खाणं टाळण्याच्या अशा त्रासाला हे निदान मानसिक विकारांच्या निदानाचं जे डीएसएम-५ हे पुस्तक, त्यात २०१३ साली मिळालं. या त्रासात वजनाची किंवा दिसण्याची धास्ती नसते. त्याच वर्षी आवाज, स्पर्श, वास, चव यांची जास्त-कमी जाणीव ऑटिझमच्या निकषांत आली. माझ्या लहानपणी यातलं काहीच नव्हतं.

भाचा आता दहावी झालाय आणि स्वतः स्वयंपाक करतो. ते त्याला मानवतं, कारण आत काय गेलं हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. मुगाची खिचडी हा त्याचा हातखंडा. तांदूळ, डाळ, पाणी, हळद सगळं वजनकाट्यावर, मीठसुद्धा ग्रॅममध्ये. फोडणीत मोहरी नाही, हे सांगायला नको. गेल्या महिन्यात मी आणि आई त्याच्याकडे जेवलो. आईला खिचडी अळणी लागली. तिने विचारलं, वरून मीठ घेऊ का? तो म्हणाला, ‘घे की. तुझं पान आहे.’ मग थांबून म्हणाला, ‘किती घेतलंस तेवढं सांग, पुढच्या वेळी तुझी वेगळी करीन.’