न निघालेला काटा

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. १६०८ साली जन्मलेले नारायण ठोसर बालवयातच घर सोडून गेले. दीर्घ तीर्थाटनानंतर ते परतले तेव्हा पुत्रविरहाने आई राणूबाईंची दृष्टी गेली होती आणि पुत्राच्या स्पर्शाने ती परत आली, असे परंपरा सांगते.

त्या परिसरातील आपल्या मोजक्या कुटुंबांना भेटावयास गेलो असता ही कथा मी एका वृद्ध मातेच्या तोंडून ऐकली. काचबिंदूने तिची दृष्टी कायमची गेलेली. जपमाळेचे मणी चाचपीत ती म्हणाली, “फादर, समर्थांच्या मायचे डोळे आले. मी एवढी प्रार्थना करते, माझे का बरं नाही आले?”

‘देवाची इच्छा’ हे उत्तर ओठांवर येणे सोपे असते. परंतु ज्याच्या वाट्याला अंधार आला आहे, त्याला ते कोरडे वाटते. संत पौलाने आपल्या देहातील काट्यासाठी प्रभूला तीनदा विनविले. काटा निघाला नाही, कृपा मात्र मिळाली. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौलाने ही गोष्ट लपवून ठेविलेली नाही.

आपल्या महाराष्ट्रात या वचनाचा अर्थ पंडिता रमाबाईंच्या चरित्रात उलगडतो. त्या आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या नव्हत्या, तरी त्यांचा वारसा आपल्या सर्वांचा आहे. पतिनिधनानंतर १८८३ साली वैद्यकीचे शिक्षण घेण्याच्या हेतूने त्या इंग्लंडला गेल्या. त्याच वर्षी वाँटेज येथे कन्या मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु बहिरेपणामुळे वैद्यकीचा मार्ग बंद झाला. मग त्या अध्ययन-अध्यापनाकडे वळल्या. १८८९ साली मुंबईत शारदा सदन उभे राहिले. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळाने पोळलेल्या मुलींना व विधवांना घर मिळाले, अंध भगिनींनाही शिक्षण मिळाले. हिब्रू व ग्रीक भाषा शिकून त्यांनी संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम हाती घेतले आणि १९२२ साली देहावसान होण्यापूर्वी ते तडीस नेले. त्यांचे कान बरे झाले नाहीत. एक दार बंदच राहिले. मात्र त्या दारापाशी त्या बसून राहिल्या नाहीत.

हे मी त्या मातेला सांगितले आणि धर्मग्रामातील आजाऱ्यांची नावे तिच्या स्वाधीन केली. आता ती एकेका मण्यावर एकेकाचे नाव घेते. तिला यादी वाचता येत नाही, म्हणून ती तिला पाठ आहे. दृष्टीसाठीची तिची विनवणी आजही चालू आहे. ती सोडावी असे मी तिला कधी म्हटले नाही.

माझाही डावा कान अलीकडे साथ देत नाही. पापनिवेदन ऐकताना उजवा कान पुढे करून, सारे लक्ष एकवटून बसावे लागते. एका भाविकाने म्हटले, “फादर, तुम्ही फार मन लावून ऐकता.” मी मनोमन प्रभूचे आभार मानिले. तरीही ऐकू येणे अगदीच थांबले तर काय, ही भीती रात्री छळतेच.

प्रिय वाचकहो, उणीव ही देवाची शिक्षा नव्हे, आणि ती आपोआप वरदानही होत नाही. ती प्रभूच्या हाती द्यावी लागते, तीही रोज नव्याने. पुनरुत्थित प्रभूच्या देहावर खिळ्यांचे व्रण तसेच राहिले होते. त्याच व्रणांवरून शिष्यांनी त्याला ओळखिले.