लक्ष्मी रोडवरचा सीझन

२७ सप्टेंबर २०२४, शुक्रवार

पुण्यातल्या लक्ष्मी रोडवरच्या ज्या कापडदुकानात मी लागले, तिथे सीझनची, म्हणजे दिवाळीपुरती, माणसं पितृपक्षात घेतात, त्यामागे दुकानाचा हिशोब आहे. या पंधरवड्यात गिऱ्हाईक नसतं आणि दिवाळीचा माल मात्र येऊन पडत असतो. पार्सलं फोडायला, टॅग लावायला आणि नवीन हातांना शिकवायला एवढाच निवांत वेळ मिळतो. माझ्याबरोबर लागलेल्या बहुतेक जणी कॉलेजच्या मुली आहेत, पहिल्यांदाच कमावणाऱ्या. घरी ब्लाउज शिवणारी मी एकटीच, त्यामुळे सगळ्यांची ताई झाले.

पगार तोंडीच सांगितला. मी विचारलं, वेळ किती ते किती, सुट्टी कुठल्या वारी, खाडा झाला तर किती कापणार, रात्री थांबवलं तर त्याचे वेगळे पैसे आहेत का आणि हिशोब कधी हातात पडेल. मॅनेजर म्हणाले, "महिनाभराचा तर प्रश्न आहे, ताई." मला वाटतं, महिनाभराचा प्रश्न आहे म्हणूनच लिहून हवं. कायमच्या माणसाचं राहिलेलं पुढच्या महिन्यात भागवतात. आम्हाला पुढचा महिनाच नसतो. मुली गप्प होत्या. पहिल्याच दिवशी विचारलं तर घेणार नाहीत, ही भीती त्यांच्या तोंडावर दिसत होती.

लेखी काही मिळालं नाही. म्हणून या वहीत रोजची आत-बाहेरची वेळ मांडणार आहे. मुलींनाही तसंच सांगितलं.

३० सप्टेंबर, सोमवार

कालपासून भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत धावायला लागली. पिंपरीला बसलं की थेट मंडई. पीएमटीत लोंबकळत येणाऱ्या दोन मुलींचा जीव भांड्यात पडला.

दिवसभर घड्या घातल्या. विकायला लागायच्या आधी हेच शिकवतात, आणि तेच बरोबर आहे. ब्लाउजपीससकट साडी सव्वासहा मीटरच्या आसपास भरते. काठाला काठ जुळवायचा, मूळ घडीच्या रेषेवरच दुमडायचं, पदर वर ठेवायचा म्हणजे उलगडताना आधी तोच दिसतो. नवी रेष पडली की साडी हाताळलेली दिसते आणि गिऱ्हाईक ती बाजूला सारतं. जरीच्या साडीत जरीवर जरी घासू नये म्हणून मध्ये पातळ कागद. आमच्या मजल्यावरचे काका कित्येक वर्षं गादीवर बसताहेत. बोलता बोलता, न बघता घडी घालतात. अंगठ्याने काठ धरतात, तळहाताने रेष दाबतात, आणि साडी चौकोनी होऊन ढिगावर जाते. ते म्हणाले, एक बाई चाळीस साड्या बघते आणि एक घेते, उरलेल्या एकोणचाळीस पुढची बाई येण्याआधी जागेवर गेल्या पाहिजेत. या कामाचं खरं स्वरूप मला त्या एका वाक्यात कळलं.

९ ऑक्टोबर, बुधवार

नवरात्राचे रंग. आजचा रॉयल ब्लू, उद्याचा गुलाबी. संध्याकाळी सहानंतर ऑफिस सुटलेल्या बायका येतात आणि उद्याचाच रंग मागतात. घाईत असतात, हजाराच्या आत हवं असतं, आणि "गुलाबी म्हणजे नक्की कुठला?" यावर दोघींचं एकमत होत नाही. म्हणून काकांनी दुपारीच फिका, राणी आणि मधला असे तीन ढीग लावून ठेवायला सांगितले. गर्दीत विचार करायला वेळ मिळत नाही, तो दुपारीच करून ठेवावा लागतो.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

सकाळी मीटरपट्टी, कात्र्या आणि बिलाचं मशीन यांची पूजा झाली. झेंडूची माळ कॉम्प्युटरलाही. मग रात्रीपर्यंत मान वर करता आली नाही.

काउंटरवर जीएसटीवरून रोज एक तरी वाद होतो. नवीन मुलींना याचं उत्तर तयार हवं, म्हणून लिहून ठेवते. २०२४ मधला दर असा: तयार कपडा हजार रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, त्यापुढे १२. साडी शिवलेली नसते, ती कापडात धरतात, म्हणून महाग असली तरी ५. त्यामुळे एकाच बिलावर पंजाबी ड्रेसला एक दर लागतो आणि साडीला दुसरा. गिऱ्हाइकाला वाटतं दुकानाने फसवलं. शांतपणे सांगितलं की बहुतेकांना पटतं. सांगणारीलाच माहीत नसेल तर मात्र तिच्यावर आवाज चढतो, आणि अठरा वर्षांची मुलगी तिथेच रडवेली होते. हे एवढं पहिल्या दिवशी शिकवायला पाच मिनिटंसुद्धा लागली नसती.

१६ ऑक्टोबर, बुधवार

काल विधानसभा निवडणूक जाहीर झाली, आचारसंहिता लागली. आज इंदापूरकडचं एक कुटुंब लग्नाचा बस्ता बांधायला आलं होतं. बाबांनी पैसे दोघातिघांच्या खिशांत वाटून आणले होते. ५० हजारांवर रोकड असेल तर नाक्यावर अडवतात म्हणून. बँकेतून काढल्याची पावती जवळ ठेवा, एवढं मी सांगितलं.

त्यांना पैठणी हवी होती. नवरीच्या आईने सेमी, म्हणजे यंत्रावरची, आणि हातमागाची अशा दोन्ही गादीवर शेजारी ठेवल्या आणि विचारलं, "फरक काय?" मी दोन्ही पदर उलटे केले. हातमागाच्या पदरावरचा मोर दोन्हीकडून सारखाच दिसतो. यंत्रावरच्या पदराला मागे सुटे धागे असतात, नाहीतर ते कापल्याची कुसं हाताला लागतात. त्या बाईंनी दोन्हींवरून बोटं फिरवली, नवऱ्याकडे पाहिलं, आणि सेमी घेतली. खूश होऊन घेतली, कारण काय घेतोय ते त्यांना माहीत होतं. "सगळ्या येवल्याच्याच म्हणा" असं आम्हाला सांगितलेलं आहे. मी तसं म्हणणार नाही, आणि मुलींनीही म्हणू नये असं मला मनापासून वाटतं. आयुष्यातली एक पैठणी घेणाऱ्या बाईला पदर उलटा करून दाखवणं, एवढं आमच्या हातात आहे.

२० ऑक्टोबर, रविवार

दिवाळीआधीचा शेवटून दुसरा रविवार. गादीवर बसायला काका आणि जुनी माणसं. आम्ही सीझनवाल्या कडेला उभ्या, साड्या आणून द्यायला आणि उचलायला. जेवणाचे डबे चार वाजता उघडले, तेही पाळीपाळीने. स्वच्छतागृह वरच्या मजल्यावर, जायचं तर सुपरवायझरला विचारून. म्हणून मुली पाणीच पीत नाहीत. एकीचे पाय संध्याकाळी इतके सुजले की चपलेचा पट्टा रुतला. घरी जाऊन पाय कोमट मिठाच्या पाण्यात ठेव, भिंतीला वर टेकव, सपाट पातळ चप्पल घालू नको, हे सगळं मी तिला सांगितलं. पण हा नुसता चपलेचा प्रश्न नाही.

केरळात कोझिकोडला विजी नावाच्या बाई आहेत, माझ्यासारख्याच शिलाईकाम करणाऱ्या. तिथल्या कापडदुकानांतल्या बायकांनी त्यांच्याबरोबर आधी स्वच्छतागृहासाठी आणि मग बसण्याच्या हक्कासाठी वर्षानुवर्षं लढा दिला. २०१८ मध्ये केरळने दुकानांच्या कायद्यात बसायच्या सोयीची तरतूद केली, २०२१ मध्ये तमिळनाडूनेही. मागणी फक्त एका स्टुलाची होती. गिऱ्हाईक नसताना दोन मिनिटं टेकलं तर विक्री कमी होत नाही. उलट संध्याकाळी सातला मुलीच्या तोंडावर हसू शिल्लक राहतं, आणि दुकानाला तेच तर हवं असतं.

जेवणाच्या पाळीत मुलींना आपला कायदाही सांगितला. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा २०२४ मध्ये दहा किंवा जास्त कामगारांच्या दुकानाला लागू होता. त्यातले तेव्हाचे नियम असे: दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८. सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. आठवड्याची सुट्टी. जादा तासांना दुप्पट दर. रात्री साडेनऊनंतर बाईला तिच्या संमतीशिवाय थांबवता येत नाही. सीझनची माणसं यातून वगळलेली नाहीत. एकीने विचारलं, "मग बोलायचं कोणी?" मी बोलेन म्हटलं.

२९ ऑक्टोबर, मंगळवार, धनत्रयोदशी

सराफांकडे रांगा, आमच्याकडे त्या रांगेतून सुटलेली माणसं. सुट्टी या आठवड्यातही रद्द. मॅनेजरना सगळ्यांसमोर विचारलं, बदली सुट्टी कधी? "दिवाळीनंतर बघू" म्हणाले. तारीख आणि त्यांचे शब्द इथे लिहून ठेवले.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

आमचं लक्ष्मीपूजन आज. पॅकिंगला बिहारची मुलं आहेत, त्यांनी कालच केलं. संध्याकाळी शेठांनी गादीची पूजा केली, प्रत्येकाच्या हातात मिठाईचा पुडा आणि पाकीट दिलं. काकांनी मला जवळ बोलावून म्हटलं, "हात बसला तुझा." त्यांच्या तोंडून हे ऐकून फार बरं वाटलं.

५ नोव्हेंबर, मंगळवार

भाऊबीज झाली, आता बदलून घ्यायला येणारी गर्दी. साइज, रंग, नणंदेला आवडली नाही. बिल आणि टॅग असेल तर बदलून द्यायचं, पैसे परत नाहीत.

हिशोब झाला. आम्ही सगळ्यांनी आपापल्या वह्या टेबलावर ठेवल्या. कॅशियरने त्यांच्या रजिस्टरशी वेळा ताडून पाहिल्या. रजिस्टरमध्ये बाहेर पडायची वेळ रोज नऊच होती. बराच वेळ गेला. शेवटी जादा तास मान्य झाले, पण एकेरी दराने. दुप्पट दराचं मी कायद्याचं नाव घेऊन पुन्हा मांडलं, आणि बदली सुट्टीचंही, कारण सुट्टी हुकली तर ती दोन महिन्यांच्या आत द्यावी लागते. उरलेलं कागदावर लिहून, सगळ्यांच्या सह्या करून मॅनेजरना दिलं आणि पोच घेतली.

निघताना त्यांनीच विचारलं, तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, थांबाल का? थांबेन म्हटलं. या वेळी पगार आणि वेळ लेखी, मंगळवारची सुट्टी पक्की, आणि आमच्या मजल्यावर काउंटरमागे स्टुलं. शेठांना विचारून सांगतो म्हणाले. तुळशीचं लग्न १३ तारखेपासून आहे, म्हणजे आठवडाभरात उत्तर यायला हवं. नाही आलं तर सोमवारी मीच जाऊन विचारणार आहे, आणि दोन मुली बरोबर येतो म्हणाल्यात.